पाणी तोडलं होतं, तरी मणी फुटले: ओट्यावर परासरण समजून घेण्याची रीत

माझ्या माहेरची द्राक्षबाग दिंडोरीकडे आहे. थॉमसन जातीची. एका फेब्रुवारीत काढणी चार दिवसांवर आली होती आणि रात्री अवकाळी झोडपून गेला. सकाळी दादा फोन न करता थेट नाशकात आमच्या दारात उभा. हातात स्टीलचा डबा, डब्यात मूठभर मणी. काही देठाजवळ गोल चिरलेले, काही उभे फाटलेले, फटीतून रस ओघळून डब्याला चिकटलेला.

"आठ दिवस झाले बागेचं पाणी तोडून," तो म्हणाला. "पाऊस पडला तो वरच्यावर. जमिनीत चार बोटंसुद्धा ओल गेली नाही, आणि पहाटेला मणी फुटलेले. मग ह्यांच्यात पाणी शिरलं कुठनं?"

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. उत्तर एका शब्दाचं होतं, परासरण. पण तो शब्द ऐकून दादाचं समाधान होणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर वर्गातल्या मुलांचंही होत नाही. ती व्याख्या पाठ करतात, दोन गुण घेतात आणि विसरतात. म्हणून त्या रविवारी आम्ही स्वयंपाकघराचा ओटाच प्रयोगशाळा केला. पुढे दर वर्षी मुलांकडून करून घेताना त्यात सुधारणा होत गेल्या. ती रीत इथे चुकांसकट देते आहे.

आधी शब्दांचा गुंता

पाण्यात साखर विरघळवली तर पाणी हे द्रावक आणि साखर हे द्राव्य. आता मध्ये असा पडदा घाला, की ज्यातून पाणी सहज जाईल पण साखर अडेल. एका बाजूला नुसतं पाणी, दुसऱ्या बाजूला पाक. पाण्याचे रेणू दोन्हीकडून सारखी ये-जा करत असतात, पण पाकात पाण्याचे रेणू तुलनेने विरळ असल्यामुळे तिकडून परत येणारे कमी पडतात. हिशेबाअंती पाकाच्या बाजूला पाणी वाढतं. हेच परासरण.

मुलं अडखळतात ती 'संहती', म्हणजे दाटी, या शब्दापाशी. विसरणात, म्हणजे कण आपोआप पसरतात तेव्हा, "जास्त संहतीकडून कमी संहतीकडे" असं पाठ केलेलं असतं, आणि परासरणात पाणी नेमकं उलटं जाताना दिसतं. खरं तर उलटं काही नाही, कशाची संहती हे सांगायचं राहून जातं. मी वर्गात एकच ओळ फळ्यावर ठेवते: जिकडे विरघळलेलं जास्त, तिकडे पाणी.

पेशीच्या बाहेरच्या पाण्यात विरघळलेलं आतल्यापेक्षा कमी असेल तर ते द्रावण अवपरासारी. पेशी पाणी घेते. जास्त असेल तर अतिपरासारी, पेशी पाणी गमावते. दोन्हीकडे बरोबरी असेल तर समपरासारी. परीक्षेत हे तीन शब्द हमखास विचारतात. ओट्यावर मात्र ते डोक्यात ठेवायची गरज नाही, वजनकाटाच सांगेल.

हे पहिल्यांदा नोंदवलं गेलं तेही दारूच्या निमित्ताने, हे नाशिककरांना ऐकायला आवडेल. फ्रेंच पाद्री आणि भौतिकशास्त्रज्ञ नोले यांनी १७४८ साली मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडाला जनावराचं मूत्राशय ताणून बांधलं आणि ते भांडं पाण्यात ठेवलं. काही तासांत तो पडदा फुगून वर आला. पाणी आत शिरत होतं.

जमवाजमव

या प्रयोगांत पैसे घालायचेच असतील तर एकाच गोष्टीवर घाला: ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला डिजिटल काटा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे कुचकामी आहे, कारण आपल्याला फरकच अर्ध्या-एक ग्रॅमचा पकडायचा आहे. मापाला बाळाच्या दुधाच्या बाटलीवरच्या मिलिलिटरच्या खुणा चालतात. बाकी सहा सारख्या वाट्या, साखर, मीठ, जुनं सुती कापड आणि तीन मध्यम बटाटे. बटाटे टणक बघून घ्या. मी गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून आणते, तिथे हाताने दाबून निवडता येतात. कोंब आलेला, हिरवट किंवा मऊ पडलेला बटाटा नको.

बटाट्याच्या सहा वाट्या

सगळ्यात जास्त शिकवून जाणारा प्रयोग हाच, म्हणून इथे घाई करू नका.

पहिल्यांदा द्रावणं करून घ्या. पहिल्या वाटीत नुसतं पाणी. पुढच्या पाचांत १०० मिलिलिटर द्रावणामागे ५, १०, १५, २० आणि ३० ग्रॅम साखर. मुलं इथे हमखास चुकतात. ती १०० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात साखर टाकतात, मग एकूण आकारमान वाढतं आणि प्रमाण बिघडतं. आधी थोड्या पाण्यात साखर पूर्ण विरघळवा, मग वरून पाणी घालत १०० च्या खुणेपर्यंत आणा. वाट्यांना कागदी पट्ट्या चिकटवून आकडे लिहा. साखरेचं पाणी आणि नुसतं पाणी दिसायला सारखंच असतं, आणि "कुठली कुठली होती" हा वाद आमच्याकडे दर वर्षी होतो.

आता बटाटे सोला आणि साधारण ५ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर जाड अशा सरळ कांड्या कापा. सुरी मोठ्या माणसाच्या हातात असू द्या. साल कुठेही राहू देऊ नका, सालीतून पाणी नीट जात नाही. एकेका बटाट्यातून सहा कांड्या काढा आणि प्रत्येक वाटीत तिन्ही बटाट्यांची एकेक कांडी जाईल अशी वाटणी करा. असं का? एखादा बटाटा जात्याच कोरडा असला, तर त्याचा दोष सगळ्या वाट्यांत सारखा वाटला जातो.

कांड्या कापडावर हलक्या हाताने टिपा, प्रत्येक वाटीच्या तिघींचं मिळून वजन घ्या, वहीत लिहा आणि मगच द्रावणात सोडा. पूर्ण बुडाल्या पाहिजेत. दाट द्रावणात त्या तरंगू लागल्या तर वरून चमचा ठेवा. मग तीन तास हात लावायचा नाही. रात्रभर ठेवायचा मोह होतो, पण आपल्याकडच्या उकाड्यात साखरेचं पाणी सकाळपर्यंत आंबूस होतं.

तीन तासांनी बाहेर काढा, पुन्हा टिपा, पुन्हा वजन करा. टिपायचं म्हणजे टिपायचं, दाबायचं नाही. पहिल्या वर्षी मी कांड्या न टिपताच काट्यावर ठेवल्या आणि ३० ग्रॅमच्या वाटीतही वजन वाढलेलं दिसलं. दहा मिनिटं मी मुलांना काहीतरी भलतंच समजावत होते. नंतर लक्षात आलं, की अंगाला चिकटलेल्या पाकाचं वजन मी बटाट्याच्या नावावर लिहिलं होतं.

आता टक्केवारी काढा: शेवटच्या वजनातून सुरुवातीचं वजा करायचं, उत्तराला सुरुवातीच्या वजनाने भागायचं आणि १०० ने गुणायचं. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर साखरेचं प्रमाण, उभ्या अक्षावर वजनातला बदल. पाण्याच्या वाटीतल्या कांड्या वजनाने वाढलेल्या आणि ताठ असतात, वाकवायला गेलं तर कट्कन मोडतात. ३० च्या वाटीतली कांडी बोटाभोवती वळते, वातड फरसबीसारखी. आलेखाची रेघ वरून खाली येताना कुठेतरी शून्य ओलांडते, बहुतेक वेळा ८ ते १२ ग्रॅमच्या दरम्यान. तिथे बटाटा पाणी घेतही नाही आणि देतही नाही. ते त्या बटाट्याचं समपरासारी द्रावण. या एका बिंदूसाठीच सगळा खटाटोप केला.

गाडीच्या टायरच्या तिप्पट

त्या बिंदूवरून एक मजेदार आकडा काढता येतो. १८७७ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फेफर यांनी मातीच्या सच्छिद्र भांड्यात कृत्रिम पडदा बसवून साखरेच्या द्रावणांचा परासरण दाब मोजला. १ टक्का साखरेला सुमारे ०.७ वातावरण, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या ०.७ पट, एवढा दाब आला. त्यावरून पुढे व्हान्ट हॉफ यांनी गणित बसवलं. १९०१ सालचं रसायनशास्त्रातलं पहिलंवहिलं नोबेल त्यांनाच मिळालं.

म्हणजे तुमची रेघ १० ग्रॅमपाशी शून्यावर आली, तर ओट्यावरचा तो मुका बटाटा सुमारे ७ वातावरणांच्या जोराने पाणी ओढत होता. मोटारीच्या टायरमध्ये हवा भरतो ती साधारण सव्वादोन वातावरणांची. हे सांगितल्यावर दादा पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकला.

इतक्या जोराने पाणी आत आलं तरी वनस्पतीची पेशी फुटत नाही, कारण पडद्याच्या बाहेर तिला पेशीभित्तिकेचं चिलखत असतं. आतली रिक्तिका, म्हणजे रसाची पिशवी, पाण्याने फुगते, भिंतीला रेटते आणि भिंत तिला उलट रेटते. हिरव्या देठाचा ताठपणा म्हणजे हा रेटाच. माना टाकलेली कोथिंबीर देठांची टोकं छाटून पेल्यात उभी केली की तासाभरात डोकं वर काढते, ती याच रेट्याने. पूर्ण सुकून काळी पडलेली जुडी मात्र काही केल्या उठत नाही. का, ते पुढे येईल.

जाता जाता: दाट बाजूवर या दाबाहून जास्त दाब दिला तर पाणी उलटं ढकलता येतं. घरच्या आर.ओ. यंत्रातला पंप हेच करतो.

मीठ एवढं का चढतं

आता तोच प्रयोग मिठाने करा: १०० मिलिलिटरला ०.५, १, १.५, २ ग्रॅम. बटाट्याचा शून्यबिंदू यावेळी १ ग्रॅमच्या आसपासच सापडेल. साखरेला जिथे दहा ग्रॅम लागले, तिथे मिठाचं चिमटीत काम होतं.

कारण परासरण वजन बघत नाही, डोकी मोजते. साखरेचा रेणू मिठाच्या मानाने सहापट जड, म्हणजे एका ग्रॅममध्ये त्याची डोकी सहापट कमी. त्यात मीठ पाण्यात पडलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन कण सुटे होतात. सहा दुणे बारा. एक ग्रॅम मीठ सुमारे बारा ग्रॅम साखरेइतकं पाणी ओढतं.

हे एकदा कळलं की स्वयंपाकघरातल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो. काकडी चोचवून मीठ घालून ठेवली की पानात वाढेपर्यंत कोशिंबिरीचं सार होतं, म्हणून मीठ आयत्या वेळी घालायचं. कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून रात्रभर ठेवल्यावर सकाळी पातेल्यात खार सुटलेला असतो. ते पाणी आपण घातलेलं नाही, फोडींनीच दिलेलं आहे. लोणच्यात जिवाणू पडला तर त्याचंही पाणी असंच ओढलं जातं आणि तो वाढू शकत नाही. मुरांब्यात साखरेने हेच साधायचं तर ती फोडींच्या बरोबरीने घालावी लागते. हात आखडता घेऊन केलेला मुरांबा बुरशी धरतो, त्याला बरणीचा दोष नाही.

दवाखान्यातल्या बाटल्यांवरही हाच हिशेब लिहिलेला असतो. सलाईन ०.९ टक्का, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. ग्लुकोजची बाटली मात्र ५ टक्क्यांची. आकडे इतके वेगळे असले तरी कणांची संख्या दोन्हीकडे जवळपास सारखी, रक्ताच्या तोलाची. आपल्या पेशींना भित्तिकेचं चिलखत नाही. तांबडी रक्तपेशी साध्या पाण्यात टाकली तर फुगून फुटते, दाट मिठात टाकली तर सुरकुतते. म्हणून नसेतून नुसतं पाणी कधीच देत नाहीत.

जलसंजीवनीबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण तिथली चूक प्रयोगातल्या चुकीसारखी माफ होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. विरघळलेल्या कणांची एकूण संख्या लिटरला २४५ मिलिऑस्मोल (कण मोजायचं एकक), आधीच्या सूत्रात ती ३११ होती. २००२ मध्ये ती मुद्दाम कमी केली, कारण आतड्यातलं द्रावण पातळ असलं तर पाणी रक्ताकडे सोपं जातं. शिवाय ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या पेशीत जोडीने शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजच्या पाण्यावर हजारो माणसं वाचवली, ती याच जोरावर.

आमच्याच घरात एकदा जुलाब लागलेल्या भाच्याला लिटरचं अख्खं पाकीट पेलाभर पाण्यात कालवून देण्यात आलं होतं, "दाट असलं की ताकद येईल" म्हणून. होतं नेमकं उलटं. दाट द्रावण आतड्यातच पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढतात. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलं असेल तेवढंच घ्या, मापून. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शीतपेय किंवा बाटलीतला गोड रस हा पर्याय नाही. बाळ मलूल झालं, लघवी होईनाशी झाली किंवा काही पोटात ठरेना, तर घरी प्रयोग न करता थेट डॉक्टर.

कच्चा वाडगा, उकडलेला वाडगा

परत ओट्यावर. आत्तापर्यंत आपण पाणी आणि साखर यांच्याकडे बघत होतो. खरं काम पडदा करतो, आणि तो दिसत नसल्यामुळे त्याचं नावही निघत नाही.

दोन सारखे बटाटे घ्या. एक कच्चा, एक उकडलेला, पण फुटू न दिलेला. दोन्ही बुडाकडून सपाट कापा म्हणजे उभे राहतील, खालच्या अर्ध्या भागाची साल काढा आणि वरून चमच्याने कोरून वाटीसारखा खड्डा करा. बुडाला बोटभर जाडी राहू द्या. दोन्ही खड्ड्यांत एक-एक चमचा साखर आणि दोन-चार थेंब पाणी. मग दोन्ही बटाटे बशीतल्या पाण्यात उभे करा.

चार-पाच तासांत कच्च्या बटाट्याचा खड्डा पाण्याने भरत येतो, कधी काठोकाठ. उकडलेल्यात तसं काही होत नाही, साखर नुसती ओली होऊन झिरपते, आणि बशीतलं पाणी चाखलंत तर किंचित गोड लागेल. बटाटा तोच, साखर तीच, फरक पडला पडद्याचा. उकळत्या पाण्यात प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीचा पडदा, मोडून गेलं. अडवणारं कुणी उरलं नाही, मग साखर बाहेर आणि पाणी आत, सगळाच मोकळा कारभार.

प्रद्रव्यपटल हा नुसता चाळणीसारखा कपडा नाही, त्यात पाण्यासाठी खास वाटा असतात. प्रथिनांची ही बारीक नळकांडी, अॅक्वापोरिन, पीटर अॅग्री यांनी १९९२ मध्ये ओळखली आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पेशी या वाटा कमी-जास्त करू शकते.

लासलगावचा लाल कांदा

पडदा डोळ्यांनी बघायचा असेल तर शाळेचा सूक्ष्मदर्शक किंवा कागदी फोल्डस्कोप हवा, आणि कांदा हवा लाल. पोळ किंवा रांगडा कांदा गडद असतो. उन्हाळ कांद्याचा रंग फिकट, त्यात मुलांना काही दिसत नाही आणि ती उगाच "हो, दिसलं" म्हणतात.

मांसल पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळा पापुद्रा चिमट्याने ओढा. आतल्या बाजूचा पापुद्रा सहज निघतो, पण त्याला रंग नसतो. नखाएवढा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा, वर आच्छादन काच. जांभळ्या विटांची भिंत दिसेल, प्रत्येक वीट काठोकाठ रंगलेली. आता काचेच्या एका कडेला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद टेकवा. मिठाचं पाणी आत ओढलं जाईल. नजर काढू नका. दोन-तीन मिनिटांत रंग भिंतीपासून सुटू लागतो. आधी कोपरे मोकळे होतात, मग जांभळा गोळा आक्रसत विटेच्या मध्यभागी येतो. भिंत जागच्या जागी, आतला जीव आवळलेला. याचं पुस्तकी नाव रससंकोच. त्या जांभळ्या गोळ्याची गोलसर कड म्हणजे पडद्याची जागा.

लगेच त्याच पद्धतीने साधं पाणी सोडलंत तर गोळा फुगत परत भिंतीला टेकतो. पण एक पट्टी मिठाच्या पाण्यातच तास-दोन तास विसरून ठेवा, मग पाणी घालून बघा. कित्येक पेशी उठत नाहीत, रंग बाहेर पसरतो. कोथिंबिरीच्या काळ्या जुडीचं उत्तर हे. पडदा शाबूत आहे तोवरच पेशी उठते.

मनुकांबद्दल माझी तक्रार

पाण्यात फुगलेली मनुका हे परासरणाचं सगळ्यात लाडकं उदाहरण. द्राक्षाच्या गावची असल्यामुळे ते मला पटत नाही. करून बघा: वीस बेदाणे वजन करून कपभर पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी ते टम्म असतील, वजनही बरंच वाढलेलं असेल. आता कपातलं पाणी चाखा. गोड लागतं, चांगलंच गोड.

पडदा साखर अडवत असता तर ती बाहेर आली कशी? बेदाणा वाळताना त्याच्या पेशींचे पडदे मोडून गेलेले असतात. द्राक्षं वाळवायला टाकण्याआधी बागायतदार ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, लिटरला साधारण २५ ग्रॅम आणि १५ मिलिलिटर. त्याने मण्यावरचा पांढुरका मेणाचा थर सैल होतो आणि पाणी भराभर उडून जातं. उरतो तो साखरेने भरलेला सुरकुतलेला स्पंज. सालीमुळे पाणी आत येण्याचा आणि साखर बाहेर जाण्याचा वेग वेगळा पडतो, म्हणून तो फुगतो खरा. पण कांद्याच्या पेशीसारखं ते जिवंत देणं-घेणं नव्हे. उकडलेल्या बटाट्याच्या शेजारी त्याला बसवा, कच्च्याच्या नको.

परत बागेत

आता दादाच्या डब्यातले मणी. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे तो मऊ पडू लागला, की साखर झपाट्याने चढते. काढणीच्या वेळी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसाची गोडी मोजायच्या उपकरणावर, ब्रिक्स (१०० ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर) १८-२० च्या घरात. पण ही साखर बटाट्याच्या वाटीतली नव्हे, ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, दोन्हींचे रेणू आपल्या साखरेच्या अर्ध्या वजनाचे. डोकी दुप्पट. २० ब्रिक्सच्या रसाचा परासरण दाब त्यामुळे २७-२८ वातावरणांच्या आसपास येतो, समुद्राच्या पाण्याच्या बरोबरीचा. आणि सालीच्या बाहेर पावसाचं पाणी, ज्यात विरघळलेलं जवळजवळ काहीच नाही.

मेणाचा थर शाबूत असेल तिथे पाणी सहजी शिरत नाही. पण देठाशी, घासलेल्या जागी, बारीक चिरांवर थर तुटका असतो. घडाच्या पोटात रात्रभर साचून राहिलेलं पाणी तिथूनच वाट काढतं. साल ताणाच्या शेवटच्या टोकाला आलेली, थोडं पाणी पुरतं. जमीन चांगली भिजली तर मुळांकडूनही भर पडते, पण दादाच्या बागेत मुळांचा हात नव्हता. पाणी तोडून त्याने एक दार लावलं होतं, दुसरं उघडंच होतं.

एक गैरसमजही इथेच मोडतो. घरी द्राक्षं मिठाच्या पाण्यात धुतली की सुकतात, असं म्हणतात. १ टक्का मिठाचा दाब ८ वातावरणांच्या आसपास, द्राक्षाच्या रसापुढे काहीच नाही. सुकणं दूर, मणी उलट पाणीच घेईल.

खताचा दणका मात्र परासरणाचाच. बुंध्याशी युरियाची ओंजळ टाकली की मुळांभोवतीचं पाणी मुळांच्या रसापेक्षा दाट होतं, आणि ओली जमीन असूनही रोप तहानेने पानांच्या कडा करपवतं. त्यावर उपाय म्हणजे भरपूर साधं पाणी देऊन ते खत खाली उतरवणं, दुसरा डोस नव्हे.

दादासाठी आम्ही शेवटी एक बादलीची चाचणी ठरवली. प्रत्येक प्लॉटमधून कात्रीने देठासकट कापलेले १०० मणी, ओढून तोडलेले नकोत. प्लॉटवार वेगळ्या बादलीत साध्या पाण्यात पूर्ण बुडवायचे. दर दोन तासांनी तडकलेले मोजून लिहायचे, सहा तासांपर्यंत. ताडून बघायला आणखी १०० मणी १०० मिलिलिटरला ४० ग्रॅम साखरेच्या पाण्यात. रिफ्रॅक्टोमीटरवर २० दाखवणारं साखरेचं पाणी इथे पुरत नाही, कारण डोकी निम्मीच. साखरेच्या पाण्यात तडे कमी आणि साध्या पाण्यात जास्त निघाले, तर दोष आत शिरणाऱ्या पाण्याचा. मग ज्या प्लॉटचे मणी लवकर तडकतात, त्याची काढणी आधी.

पुढच्या वर्षी ढग दाटले तेव्हा संध्याकाळी दादाचा फोन आला. मागे बादलीत पाणी पडल्याचा आवाज.

"विहिरीकडच्या तुकड्याचे दोन तासांत अकरा गेले. रस्त्याकडचे दोनच. मजूर पहाटे पाचला विहिरीकडे लावतो. आणि रात्री सर आली तर पोरांना उठवून मांडवाच्या तारा हलवायच्या, घडात पाणी थांबायला नको. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हटलं. "आणि सहा तासांचा आकडाही लिहून ठेव."

"लिहितोय की," तो म्हणाला. "कॅलेंडरच्या मागं."